धागा तुटला, हे आधी कोणाला कळतं?

गेल्या महिन्यात इचलकरंजीला मावसभावाच्या शेडमध्ये दोन तास बसलो होतो. दादाकडे पूर्वी साधे यंत्रमाग होते, आता एअरजेट आहेत. खर्चीवाला माणूस. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आणि कामगार याचे, आणि पैसे पिकावर मिळणार. प्रत्येक मागावर एक छोटा स्क्रीन आहे. मिनिटाला किती पिकं, किती वेळा उभा धागा तुटला, किती वेळा आडवा, किती मिनिटं माग बंद, सगळं त्यावर येतं. तेच सगळं दादाच्या मोबाईलवर. आणि हल्ली व्यापाऱ्याच्याही मोबाईलवर.

आम्ही चहा घेत होतो तेव्हाच फोन आला. व्यापाऱ्याचा. "चार मागांची एफिशियन्सी अठ्ठ्याहत्तरवर कशी काय? माणसं झोपलीत का?" दादानं पाळीवरच्या मामांना बोलावलं. मामा तीस वर्षं मागावर आहेत. ते एवढंच म्हणाले, "मालक, माणसाला कशाला बोलताय, सूत बघा की."

दादानं मोबाईल उघडला आणि आठ दिवसांचा आलेख मागे नेला. मंगळवारी नवीन बीम चढले होते. त्या दिवसापासून त्या चार मागांवर उभा धागा तुटण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. बाकीच्या मागांवर काहीच फरक नाही. पाळी बदलली, माणूस बदलला, तरी आकडा तोच. मामांचं म्हणणं खरं होतं. दादानं स्क्रीनचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवला. पलीकडून दिवसभर उत्तर नाही. पण "माणसं झोपलीत का" हेही परत आलं नाही.

मी मामांना विचारलं, "हा आलेख तुम्हाला दिसतो का?" ते हसले. "आमाला काय करायचाय आलेख? आमाला हाताला कळतं." नंतर जरा थांबून म्हणाले, "पण हाताचं कोण ऐकतंय?"

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. हल्ली "इंडस्ट्री फोर पॉइंट झिरो", "स्मार्ट फॅक्टरी", "इंटरनेटला जोडलेली यंत्रं" हे शब्द रोज कानावर पडतात. २०११ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रदर्शनात ही चौथ्या औद्योगिक क्रांतीची घोषणा झाली आणि तेव्हापासून जणू यंत्राला पहिल्यांदाच अक्कल आली असं सांगितलं जातं. ते खरं नाही. धागा तुटला की ओळखणारं यंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. बदललं काय, तर ती बातमी कुठे जाते एवढंच. आणि या "एवढंच" वरून मुंबईत एकदा दीड लाख माणसं सहा महिने गिरणीच्या बाहेर बसली होती.

सुरुवातीपासून सांगतो.

मुंबईची पहिली यशस्वी कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली. तिथून पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. त्या काळी गिरणीत भांडण होतं ते वेळेच्या मोजमापावर. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. मालकाचं घड्याळ आणि मालकाचा भोंगा. कामगाराकडे घड्याळ नव्हतं, त्यामुळे किती तास भरले हे सांगायचा अधिकारही त्याच्याकडे नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. दिव्यामुळे डोळ्यांचा ताण कमी होण्याऐवजी कामाचा दिवसच लांबला, आणि त्यावरून पुन्हा असंतोष उसळला. नवी सोय आली की ती कोणाच्या सोयीची, हा प्रश्न तेव्हाच पडला होता.

त्याच सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर वेळेच्याही पुढे गेला होता. फिलाडेल्फियाच्या मिडवेल पोलाद कारखान्यात त्यानं कामगाराच्या प्रत्येक हालचालीला स्टॉपवॉच लावलं. त्याचं म्हणणं साधं होतं. कामाचं ज्ञान कामगाराच्या डोक्यात आणि हातात आहे. ते काढून व्यवस्थापनाच्या कागदावर आणलं पाहिजे, म्हणजे काम किती वेळात होतं हे कामगार ठरवणार नाही. १९११ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात ओतकाम करणाऱ्या एका कामगारानं स्टॉपवॉचसमोर काम करायला नकार दिला. त्याला काढलं, तर बाकीचे ओतारी बाहेर पडले. प्रकरण थेट अमेरिकी संसदेत गेलं. टेलरची साक्ष झाली. १९१५ पासून लष्कराच्या खर्चाच्या मंजुरीत अट आली की या पैशातून स्टॉपवॉच लावून कामगाराचं काम मोजायचं नाही. ती अट १९४९ पर्यंत टिकली. खुद्द अमेरिकेत, भांडवलशाहीच्या माहेरघरात, मोजण्यावर चौतीस वर्षं बंदी होती! आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

आता मागाकडे येऊ.

साध्या मागावर कामगाराचं मुख्य काम काय? माग तर वीज चालवते. कामगार पहारा देतो. उभ्या हजारो धाग्यांतला एखादा तुटला तर माग थांबवायचा, धागा जोडायचा, पुन्हा चालू करायचा. उशीर झाला तर कापडात दोष, आणि दोषाचा दंड त्याच्याच पगारातून. धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची. गिरणीत नवी कांडी भरताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घेत. आणि नेमकं यामुळेच साचा खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. जास्त पगाराचं खातं असं जातीनं बंद होतं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि संपाच्या पुढाऱ्यांनाही अडचणीत आणलं. "कौशल्य" या शब्दाच्या आत काय काय दडलेलं असतं, याचं हे उदाहरण लक्षात ठेवा.

एक माणूस किती माग सांभाळू शकतो, हे धागा किती वेळा तुटतो यावर ठरतं. धागा चांगला असेल तर तीन-चारही जमतील. सूत कच्चं असेल तर दोनातच दमछाक. मुंबईत साधारण दोन मागांची पद्धत होती.

तिकडे जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा वेगळ्या वाटेनं गेला. त्यानं पहाऱ्याचं काम मागाकडेच दिलं. धागा तुटला की माग आपोआप थांबेल, अशी युक्ती. उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी अडकवलेली असते. धागा ताणात असेल तोवर ती वर राहते, तुटला की खाली पडते आणि माग बंद होतो. ही कल्पना त्या काळात अमेरिकेतल्या स्वयंचलित मागांवरही आली होती. टोयोडानं १९२४ मध्ये जो माग तयार केला तो याच्याही पुढचा होता. पूर्ण वेगात, न थांबता, धोटाही स्वतःच बदलायचा. एक कामगार तीस-तीस माग बघू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या प्लॅटची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांमध्ये चालत होती, तेच प्लॅट आता जपान्याकडून शिकत होते.

मुंबईच्या मालकांना या जपानी कापडाचा फटका बसत होता. १९२७ च्या टेरिफ बोर्डाच्या चौकशीत हीच चर्चा झाली आणि भर आला तो कार्यक्षमतेवर. पण मुंबईत कार्यक्षमता कशी आली? बहुतेक ठिकाणी माग तेच राहिले. सूतही तेच, कित्येकदा हलकंच. आकडा मात्र बदलला. दोनाच्या जागी तीन माग, आणि कताई खात्यात एका बाजूच्या जागी दोन बाजू. ससून गटाच्या गिरण्यांत ही पद्धत आधी आली. धागा तुटल्याची बातमी देणारी पट्टी आली नाही, पहारा मात्र दीडपट झाला.

कामगारांचं उत्तर होतं, "आधी सूत सुधारा." साच्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं की धागा जास्त तुटतोय. पण त्याचा कागद कोणाकडे नव्हता. आणि मालकाकडे कागद होता तो उत्पादनाचा. कागद विरुद्ध हात, अशी ती लढाई होती.

एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर यांच्याबरोबर अळवे-कासले यांच्यासारखे गिरणीत काम केलेले पुढारी होते. ना. म. जोशींसारखे मवाळ नेतेही संयुक्त समितीत होते. सतरा मागण्या पुढे आल्या. नवी पद्धत एकतर्फी लादू नका, हा त्यामागचा आग्रह. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमायचं ठरलं आणि कामगार कामावर गेले. समितीनं ती पद्धत तत्त्वतः चुकीची ठरवली नाही, पण ती राबवायची तर काही अटी हव्यात हे मान्य केलं. पुढे मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात पुढारी तुरुंगात गेले, त्या वर्षीचा दुसरा संप फसला, आणि तो विषय अर्धवटच राहिला.

इथं एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. कोणी म्हणेल, कामगारांनी आधुनिकतेला विरोध केला म्हणून गिरण्या बुडाल्या. कोणी म्हणेल, मालक लुटारू होते, संपलं. मला दोन्ही पटत नाही. कामगार यंत्राला नाही म्हणाले नव्हते. यंत्र न बदलता आकडा बदलायला ते नाही म्हणाले होते. आणि मालकांसमोरची जपानी स्पर्धाही काही कल्पनेतली नव्हती. जपानची बाजूही गुलाबी नव्हती बरं का. तिथल्या गिरण्यांत खेड्यातून आणलेल्या कोवळ्या मुली वसतिगृहात राहून रात्रपाळ्या करायच्या. बायकांची रात्रपाळी तिथे १९२९ मध्ये बंद झाली.

पण जपानच्या गोष्टीचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. टोयोडाच्या घराण्यानं पुढे मोटारी बनवायला घेतल्या. तिथे ताइइची ओनो नावाचा माणूस आला, जो आधी टोयोडाच्याच कापड गिरणीत काम करून आलेला. त्यानं मागाची कल्पना मोटारीच्या कारखान्यात आणली. चूक झाली की काम थांबलं पाहिजे. फक्त इथे पट्टीऐवजी माणूस. कुठल्याही कामगाराला दोष दिसला की त्यानं दोरी ओढायची, वर दिवा लागायचा आणि वेळेत दुरुस्ती झाली नाही तर सगळी लाईन थांबायची. विचार करा, साध्या कामगाराच्या हातात सगळा कारखाना थांबवायची दोरी!

ही दोरी फुकट मिळाली नव्हती. १९५० मध्ये टोयोटात मोठा तंटा झाला. कंपनी डबघाईला आली होती, दीड हजारांहून जास्त लोक कमी झाले, आणि साकिचीचा मुलगा किइचिरो यानं अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर जे लोक उरले त्यांच्या नोकरीची शाश्वती हा तिथल्या समझोत्याचा पाया झाला. दोरी ओढली म्हणून उद्या घरी बसावं लागणार नाही, ही खात्री नसेल तर कोण ओढेल? माहिती खरी यायला हवी असेल तर ती देणाऱ्याला भीती वाटता कामा नये. तंत्रज्ञानाची पुस्तकं हे वाक्य गाळतात आणि फक्त दिव्याचं चित्र छापतात.

आपल्याकडे काय झालं? १९५० च्या दशकात स्वयंचलित मागांचा वाद पुन्हा पेटला. १९५५ मध्ये कानपूरच्या गिरण्यांत याच "रॅशनलायझेशन"वरून लांबलचक संप झाला. या सगळ्या भांडणातून एक गोष्ट कायद्यात उतरली. औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम ९ अ. यंत्रात किंवा पद्धतीत असा बदल करायचा असेल की ज्यामुळे कामगार कपात होण्याची शक्यता आहे, तर एकवीस दिवस आधी नोटीस द्यायची. १९२८ च्या मागणीची ती लांबची नात म्हणा. नव्या कामगार संहितेतही ते सूत्र ठेवलेलं आहे.

पण मुंबईच्या गिरण्यांत नवी यंत्रं पुरेशी आलीच नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सरकलं. आमचे आजोबा लालबागहून गावी परतले ते तेव्हाच. ते साचेवाले होते. म्हणायचे, साचा डोळ्यानं नाही, कानानं बघायचा. धागा तुटायच्या आधी आवाज बदलतो. आज याच गोष्टीला "प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स" म्हणतात. यंत्राची थरथर मोजणारा सेन्सर लावतात आणि बिघाड व्हायच्या आधी इशारा मिळवतात. आजोबांच्या कानाचं काम तो सेन्सर करतो, आणि चांगलं करतो. त्याला थकवा नाही, कानात दडे बसत नाहीत. यात वाईट काही नाही.

मग दादाच्या एअरजेटवर नवं काय आहे? गंमत बघा, उभ्या धाग्यावर आजही तीच पत्र्याची पट्टी आहे! धागा तुटला की पट्टी पडते, विजेचं वर्तुळ पूर्ण होतं, माग थांबतो, दिवा लागतो. शंभर वर्षांपूर्वी ती बातमी मागापर्यंतच जायची. टोयोटात ती लाईनवरच्या सगळ्यांना दिसायची. आता ती शेडच्या बाहेर जाते. दादाच्या मोबाईलवर, व्यापाऱ्याच्या मोबाईलवर, यंत्र बनवणाऱ्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर. फक्त ज्या मामांनी धागा जोडला, त्यांच्याकडे ती आकडा म्हणून येत नाही. दिवा म्हणून येते, "पळ" असं सांगायला.

आणि इथं एक नवा पेच आहे जो १९२८ मध्ये नव्हता. तेव्हा मालक एका बाजूला, कामगार दुसऱ्या. आज दादासारखा खर्चीवाला मधे अडकलाय. तो मामांचा मालक आहे आणि व्यापाऱ्याचा मात्र मजूरच. त्याच्या शेडचं मस्टर आता दुसऱ्याच्या खिशात आहे. माग त्याच्या कर्जावर आलेत, हप्ते तो भरतो, पण त्या मागांच्या आकड्यांवरून पुढच्या महिन्याचा दर पाडून मागतो तो व्यापारी. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना विचारा, ज्यांच्या सीएनसी मशिनचे आकडे मोठी कंपनी मागते. तेही हेच सांगतील.

बाहेर काय चाललंय? जर्मनीत १९७२ पासून कायदा आहे. कामगाराचं वागणं किंवा कामगिरी मोजू शकेल असं तांत्रिक साधन बसवायचं तर जिथे कामगारांनी निवडलेलं मंडळ आहे तिथे त्या मंडळाची संमती लागते. "इंडस्ट्री फोर पॉइंट झिरो" हा शब्द ज्या देशानं काढला, त्याच देशात ही अट आहे, आणि तरी त्यांचे कारखाने चालतात. युरोपीय संघाचा डेटा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. इंटरनेटला जोडलेलं यंत्र जो वापरतो, त्याला त्या यंत्रातून निघालेला डेटा मागायचा हक्क त्यानं दिला. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण तो माणसाच्या वैयक्तिक माहितीपुरता, आणि रोजगाराच्या कारणासाठी संमतीशिवाय ती वापरायची वाट त्यात मालकाला ठेवलेली आहे. मागाच्या आकड्याचं काय, यावर तो गप्प आहे. आणि एकवीस दिवसांच्या नोटिशीचं कलम? ते कपातीची शक्यता असेल तरच जागं होतं. नुसता सेन्सर बसवला, कोणाला काढलं नाही, पण उद्यापासून दर मिनिटाचा हिशेब सुरू झाला, तर कुणाला काही सांगायचं बंधन नाही.

म्हणून मला वाटतं की मोजू नका, ही मागणी चुकीची आहे. त्या दिवशी दादाच्या शेडमध्ये मामांना आकड्यानंच वाचवलं. १९२८ च्या कामगाराकडे जो कागद नव्हता, तो आज पहिल्यांदाच अस्तित्वात आहे. सूत खराब आहे हे सिद्ध करणारा कागद! पण तो उघडायची चावी मामांकडे नाही. दादा चांगला माणूस आहे म्हणून त्यानं उघडला. शेजारच्या शेडमध्ये कदाचित उघडलाही नसता, आणि मामांच्या जागी दुसरा कोणीतरी दंड भरून गप्प बसला असता.

मागणी असायला हवी ती साधी. ज्याच्या हातचं काम मोजलं जातं त्याला तो आकडा दिसला पाहिजे, त्याच्या भाषेत, त्याच पाळीत. दंड किंवा दर ठरवायला आकडा वापरणार असाल तर सुताचा, यंत्राचा आणि विजेचा आकडाही सोबत ठेवा. ज्यानं यंत्र विकत घेतलं, त्याच्या यंत्राचा डेटा त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याकडे जाता कामा नये. यात क्रांतिकारक काहीच नाही. कामगार संघटना, यंत्रमागधारक संघटना आणि सरकार यांनी एकत्र बसून मजुरीच्या करारात दोन ओळी वाढवल्या तरी सुरुवात होईल.

निघताना मी दादाला म्हटलं, मामांच्या फोनवरही ते ॲप टाकून दे की. दादा जरा विचारात पडला. म्हणाला, "देतो. पण मग ते उद्या दर वाढवून मागतील."

मी म्हटलं, "तूही व्यापाऱ्याकडे तेच मागणार आहेस ना?"

त्यावर तो काही बोलला नाही. पण परवा त्याचा मेसेज आला. टाकून दिलंय म्हणे. आणि मामांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं की सात नंबरच्या मागाचा स्क्रीन वेळ चुकीची मोजतोय. पाळी बदलताना माग बंद असतो ती दहा मिनिटं तो जुन्या पाळीच्या नावावर लावतो. किती महिने लावत होता, देव जाणे.

तुमच्यापैकी कोणी गिरणीत, मागावर किंवा मशिनवर काम केलं असेल तर जरूर लिहा. तुमचं काम कोण मोजायचं, आणि तो कागद तुम्ही कधी बघितला का?